अक्का, त्या गुरुवारच्या प्रार्थनेचं

अक्का, तुला मातीत ठेवून परत आलो आणि सगळे म्हणायला लागले, लीलाबाई, तुम्ही लिहा, तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळच्या. त्यांना हवंय ते मला लिहायचं नाही. कुठे जन्मली, कुठल्या शाळेत शिकवलं, सभेत काय काय केलं, ते पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळं, माइक हातात घेऊन, ऊन डोक्यावर येईपर्यंत. तू असतीस तर पदराआड जांभई दिली असतीस. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं सांगू का, भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धंच राहिलं आणि तू खुशाल निघून गेलीस.

भांडण कशावरचं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी विनयचं सांगावं लागतं, आणि तेच मला इतकी वर्षं जमत नव्हतं. माझा मुलगा दारू पितो. बघ, लिहिलं. वाक्य एवढंसंच आहे, पण ते कुणाच्या तोंडून बाहेर पडू नये म्हणून मी काय काय केलं असेल! हे गेल्यावर कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत फॉल-पिकोचं मशीन टाकलं, त्याच्यावर याला आयटीआय केलं. गोकुळ रोडच्या कारखान्यात लेथवर लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले. आणि मग हे सुरू झालं. पिऊन आला की दंडाला धरून आत ओढायचं, दार लावायचं, खिडक्या लावायच्या, आणि लगेच बाहेर येऊन शेजारच्या गंगव्वाला विचारायचं, ‘ऊट आतेनरी?’ जेवण झालं का म्हणून. भर अकरा वाजता! गंगव्वाही बिचारी ‘आतरी’, झालं, म्हणायची. तिला सगळं माहीत होतं. साऱ्या गल्लीला माहीत होतं. फक्त मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं, आणि मला तेवढंच पुरत होतं.

तुला मात्र मी आपण होऊन सांगितलं. तुझ्या रायापूरच्या घरी, मागच्या दारी, तू शेंगा सोलत होतीस. शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलंस आणि आपण दोघी सोलत बसलो. घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं की बसमध्ये मी चक्क गाणं गुणगुणले.

आणि त्याच आठवड्यात तू तो घोळ घातलास.

आपल्या बायकांच्या गुरुवारच्या सभेची पद्धत तर काय सांगायची! तू मराठीत एक वाक्य म्हणायचीस, मी ते कन्नडमध्ये म्हणायचे, मग तुझं पुढचं वाक्य. वास्तविक तिथे बसलेल्या सगळ्यांना दोन्ही भाषा येत होत्या. बाजारात मराठीत भाव करून कन्नडमध्ये शिव्या घालणाऱ्या बायका त्या. पण प्रार्थना आपल्या बोलीत कानावर पडल्याशिवाय आमेन निघत नाही, असं अळणावरकडच्या म्हाताऱ्यांनी कधीतरी ठरवून टाकलं आणि ते चालत राहिलं. माझ्या वाट्याला ते काम आलं कारण माझा आवाज मोठा. तू डोळे मिटलेस, हात वर केलेस आणि म्हणालीस, ‘प्रभू, आमच्या लीलाच्या विनयला दारूच्या बंधनातून सोडव.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तू माझी वाट बघत थांबलीस. सगळ्या बायका थांबल्या. मराठी तर सगळ्यांना कळलंच होतं, आता मी गप्प बसून काय झाकणार होते? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी ठरवलं, आता एकही शब्द गाळायचा नाही. म्हटलं ते वाक्य कन्नडमध्ये, जसंच्या तसं, खणखणीत आवाजात. मग तू म्हणालीस त्याला कारखान्यातून काढलंय, मी तेही म्हटलं. तू म्हणालीस तो आईच्या अंगावर धावून जातो, मी म्हटलं. माझ्याच मुलाबद्दल, माझ्याच तोंडाने. आणि तेव्हा तुझ्या कानात ते पहिल्यांदा शिरलं असावं. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. पुढचं वाक्य आलंच नाही. कुणीतरी घाईघाईने आमेन म्हणून टाकलं.

अक्का, तू ते वाईट बुद्धीने केलं नाहीस हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्या माणसांना हीच एक रीत माहीत. कुणाचं दुःख कळलं की लगेच त्याचा प्रार्थना-विषय करायचा. देवाला सांगायचं म्हणून सांगायचं आणि वाटेत सगळ्यांनी ऐकायचं. तू मनापासून रडून प्रार्थना करत होतीस. म्हणून तर राग कुठे काढावा तेच कळत नव्हतं.

मग सुरू झाली केळी. आठवतं? जी ती बाई डझनभर केळी घेऊन दारात. एकीने तर सफरचंदं आणली, विनय दवाखान्यात असल्यासारखी. बसायच्या, उसासे टाकायच्या, विनय कुठल्या खोलीत आहे याचा अंदाज घ्यायच्या आणि जाताना माझा हात दाबायच्या. भर कोप्पीकर रोडवर एकजण पलीकडून ओरडली, ‘लीलाबाई, आम्ही विनयसाठी उपास धरलाय हं!’ मी मान खाली घालून गिऱ्हाइकांच्या साड्या पोटाशी धरून पळाले. विनय खोलीतून बाहेर येईना. त्याने रविवारच्या उपासनेला यायचं सोडलं ते सोडलंच. म्हणाला, ‘आई, त्यांनी मला बघितलं की त्यांचे चेहरे आधीच मऊ होतात. मला नाही सहन होत.’ केळी काळी पडली. मी ती गंगव्वाच्या म्हशीला घातली.

तुझ्याशी मी बोलणं टाकलं. गुरुवारी येणं टाकलं. तुला कळावं म्हणून तुझ्या ब्लाउजांचं कापड तसंच परत पाठवलं, न शिवता. मग एक दिवस भर दुपारी तूच आलीस. हातात काही नव्हतं, खांद्याला पिशवी तेवढी. मी दारात उभी, ये म्हणत नव्हते. तू म्हणालीस, ‘चुकलं माझं.’ मी म्हटलं, ‘झालं ना आता, काय उपयोग?’ तू ‘होय’ म्हणालीस आणि माझ्या बाजूने आत शिरलीस.

आणि काय केलंस? विनयच्या खोलीच्या दारात उभी राहून पिशवीतून मिक्सर काढलास. ‘विनय, हे बघ की जरा. भांडं फिरत नाही. माझी चटणी अडलीय.’

तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं आता शिवी घालणार. तू तिथेच जमिनीवर फतकल मारून बसलीस, गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीशिवाय न बसणारी तू. बऱ्याच वेळाने तो उठला. स्क्रू काढताना त्याचे हात इतके थरथरत होते की मला बघवेना, मी चहाचं निमित्त करून आत गेले. तू मात्र बघत बसलीस, आणि चटणीत जवस जास्त घालावं की कारळे, त्याच्यावर त्याचं मत विचारत बसलीस. त्या दिवशी मिक्सर काही जुळला नाही. सगळे सुटे भाग तू पिशवीत भरलेस, ‘येते पुढच्या आठवड्यात’ म्हणालीस आणि खुळखुळ वाजवत गेलीस. परत आलीस, तेच. त्यानंतरच्या खेपेला तो तुझी वाट बघत होता. दाढी केली होती त्याने.

मी तुला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. राग होताच, पण राहवेना. विचारलं, हे काय चालवलंयस? तू म्हणालीस, ‘लीले, लाजेने मोडलेल्या घरात काही घेऊन जायचं नाही गं. मागायला जायचं. दया त्यांना हवी तेवढी मिळते, पण त्यांच्याकडे कुणी काही मागतच नाही.’ मी म्हटलं, ‘हे तुला कुणी शिकवलं?’ तर म्हणालीस, ‘तुझ्याकडच्या केळ्यांनी.’ मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

पुढे तू त्याच्या स्कूटरवर मागे बसून गावोगाव अशाच घरांना भेटत हिंडायला लागलीस. पाळकसाहेबांना ते आवडलं नव्हतं. ‘ज्याचं स्वतःचंच ठीक नाही त्याला घेऊन लोकांच्या भेटीला जाता?’ तू म्हणालीस, ‘साहेब, ठीक असलेला एक द्या, त्याला नेते.’ अय्यो, काय चेहरा झाला त्यांचा! मधे मधे तो पुन्हा प्यायचा. दुसऱ्या दिवशी तोंडाला वास येत असायचा तरी तू म्हणायचीस, ‘चल, निघायचंय. दोघांनाही मळमळतंय, सावकाश चालव.’

अळणावरकडच्या त्या घरातलं विनयने मला सांगितलं. शेतकऱ्याचं घर, लिंगायत होते का मराठा ते त्याला आठवत नव्हतं, आपल्या सभेचे नव्हेत एवढं खरं. मुलगी सासर सोडून परत आलेली, गावात नाही नाही ते बोललं जात होतं. मुलीच्या आईने अंगणात येणंसुद्धा बंद केलं होतं. तू गेलीस आणि म्हणालीस, मला मिरचीची रोपं हवीत, तुमच्याकडची चांगली असतात म्हणे. बाई आधी नाही म्हणाली. मग परसात गेली, वाकून रोपं काढायला लागली. काढता काढता कुठल्या मिरचीला कसली माती लागते ते सांगायला लागली. मग तीच म्हणाली, आमची पोर आत आहे, तिला बोलावू का? ती मुलगी आली, तिने रोपांच्या मुळांना ओलं फडकं गुंडाळून दिलं. बस्स. मी तुला विचारलं, ‘मग प्रभूचं नाव तरी घेतलंस का तिथे?’ तू म्हणालीस, ‘घेतलं ना. मनात. त्याला ऐकू येतं.’ आणि मग, ‘त्या गुरुवारीसुद्धा मनातच घ्यायला हवं होतं.’

तिथून आपलं भांडण पुन्हा पेटायचं. मी म्हणायचे, झाकून ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं? तू म्हणायचीस, झाकायलाच हवं होतं, पण तू तरी कुठे झाकत होतीस? तू लपवत होतीस. मी म्हणायचे, वा, मास्तरीणबाई, एकच की ते! तू म्हणायचीस, ‘एक नव्हे. लपवणारा दूर पळतो. झाकायला जवळ जावं लागतं.’ आणि एकदा, मी चहा गाळत होते, तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘लीले, तू त्याला धरून आत ओढतेस ना, तेव्हा गल्ली त्याला दिसत नाही. तुझं तोंड दिसतं.’ मी गाळणं आपटलं. म्हटलं, ‘तुझा चहा गार होतोय, पी.’ त्या विषयावर मी तुला पुढे बोलू दिलं नाही. तू बोलायला हवं होतंस, अक्का. माझं ऐकायची तुला कधीपासून सवय लागली?

मग तुझं दुखणं आणि धारवाडचा दवाखाना. तुझी ती पांढरी चादर, तुझे काडीसारखे हात. मी रोज सकाळी पहिल्या बसने यायचे. एका सकाळी मी आत आले तर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि मला जा म्हणत होतीस. आधी कळेना. मग वास आला. नर्सला हाक मारायचीही तुला लाज वाटत होती. साऱ्या मुलखाची घाण काढलीस, विनयची ओकारी पुसलीस, आणि स्वतःची चादर भिजली तर माझ्यासमोर डोळे मिटून घेतलेस, लहान पोरासारखे. मी म्हटलं, ‘काय अक्का, बाकीच्यांना शिकवायचं तेवढं?’ तू म्हणालीस, ‘खिडकी लाव गं.’ मी खिडकी लावली, पदर खोचला आणि तुला एका कुशीवर वळवलं. तू रडत होतीस. मग मधेच तुला हसू फुटलं. ‘किती जड आहे गं मी.’ म्हटलं, ‘चटणी खाऊन खाऊन.’ नर्स आली, माझ्याकडे बघून तुला विचारलं, ‘मगळेनरी?’ मुलगी का म्हणून. तू होय म्हणालीस. माझ्यापेक्षा अशी काही फार मोठी नव्हतीस, पण होय म्हणालीस, आणि मला इतकं बरं वाटलं.

त्याच दिवशी तू विचारलंस. ‘लीले, ते गुरुवारचं सोडलंस का गं?’

मी म्हटलं, ‘कधीचंच.’

पटकन म्हटलं. चादरीची घडी घालत म्हटलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग ‘बरं’ म्हणालीस. अक्का, मी तोंडाने सोडलं होतं. आत कुठेतरी ते तसंच होतं. तू मला माझ्या पोरासकट उघडं केलंस हे मी विसरले नव्हते. तुला ते दिसलं असणार. तुला सगळंच दिसायचं. पण मरणाऱ्या माणसाला तेवढं तरी खोटं सांगावं लागतं असं मला वाटलं, आणि त्यानंतर तुझं बोलणंच थांबलं.

तुला नेताना विनय खांदा द्यायला पुढे झाला. कुणी अडवलं नाही. माती लोटताना तो शर्ट काढून राबत होता, शुद्धीत, स्वच्छ. सगळ्या बायका मला म्हणाल्या, बघा, प्रभूने सोडवलं, अक्काची प्रार्थना फळली. मीही मान हलवली. मलाही वाटलं, झालं, सुटलो.

पण परवाच्या रविवारी उपासना सुटली आणि मी घरी आले तर गल्लीच्या तोंडाशीच गंगव्वा उभी. ‘लीलक्का, निम्म मग इल्ली बिद्दानरी.’ माझा मुलगा इथे पडलाय. पहिल्यांदा तिने मोठ्याने म्हटलं. भर दुपारी, सगळे कट्ट्यावर, पोरं क्रिकेट सोडून उभी. तो नळाजवळ भिंतीला टेकून बसला होता, एक चप्पल गटारात, शर्टाची ही अवस्था. मला बघितलं तसा त्याने हात हलवला. म्हणाला, ‘आई, तू आत जा. लोक बघतायत.’

तो मला म्हणत होता, अक्का. तो मला झाकत होता.

माझ्या हाताला सवय होती, दंड धरायची. हात पुढेही झाला. पण मी ओढलं नाही. मी त्याच्या शेजारी बसले, तिथेच, नळाच्या ओल्यात, रविवारची साडी नेसून. म्हटलं, ‘बघू देत.’ तो म्हणाला, ‘आई, ऊठ.’ मी म्हटलं, ‘तू उठशील तेव्हा.’ मग तो रडायला लागला, तुझं नाव घेऊन, मोठमोठ्याने, आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पदराने तोंड पुसत राहिले. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी उठले नसते. खोटं कशाला सांगू, मान तापली होती, कानशिलं तापली होती. पण तो माझा होता, आणि हे साऱ्या गल्लीला दिसत होतं, आणि दिसलेलं मला चालत होतं.

तिथे बसल्या बसल्याच मला तुझी आठवण आली, मिटलेले डोळे, वर केलेले हात. आणि मी शोधलं, पण राग सापडला नाही. जे लपलेलं राहावं म्हणून इतकी वर्षं तुझ्यावर रागावले होते, त्यातलं लपवायला आता माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. दवाखान्यात तुला खोटं उत्तर दिलं, अक्का. आज खरं देते. सोडलं.